घरातली उतरंड



कारंज्यात साहित्य संमेलनाचा अध्यक्ष म्हणून बोलायचं तर आधी या गावाला नमस्कार केला पाहिजे. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान. जैनांच्या तीन भट्टारकपीठांचं हे गाव. इथल्या ग्रंथभांडारांत शतकानुशतकं जपलेल्या हस्तलिखितांवर अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी काम केलं, आणि 1930 च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून पुष्पदंतासारख्या दहाव्या शतकातल्या अपभ्रंश कवीचे ग्रंथ जगापुढे आले. मराठी जिच्या कुशीत वाढली त्या भाषेचे पुरावे या गावाने सांभाळले.

आज मला बोलायचं आहे ते या गावाच्या आणखी एका गुणाबद्दल. कारंजा हे आलेल्या माणसांचं गाव आहे. गावाच्या नावातलं 'लाड' हे लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून आलेल्या लाड मंडळींवरून आलं असं मानलं जातं. बघेरवाल जैन राजस्थानातून आले. गाव सगळ्यांचं झालं. त्याच लाटातल्या भडोचहून, महानुभाव परंपरा सांगते त्याप्रमाणे, एक राजपुत्र निघाला आणि वऱ्हाडात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या चरणी आला. ते चक्रधर स्वामी. त्यांच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ज्यांच्या बोलण्यातून उभा राहिला, ते जन्माने मराठी नव्हते. ज्या गुरुचरित्रात कारंज्याच्या नृसिंह सरस्वतींची कथा आहे, त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर यांची मायबोली कन्नड होती असं अभ्यासक मानतात. आज घरोघरी सप्ताह होतो तो ग्रंथ मराठी शिकलेल्या माणसाने मराठीला दिला.

मंडळी, ज्या भाषेची पायाभरणी अशी झाली, तिच्यात वाढलेल्या माणसाने रक्ताच्या शुद्धतेचा अभिमान धरावा तरी कशाच्या जोरावर? आणि तिच्यातल्याच कोणी आपल्या रंगाची, बोलीची, तांड्याची लाज तरी का बाळगावी? या लाजेबद्दल मला आज बोलायचं आहे. दुसऱ्याने आपल्याला कमी लेखलं तर राग येतो, आपण भांडतो. पण त्याची मोजपट्टी आपण घरी आणून आपल्याच लेकरांना लावू लागलो, की भांडायला समोर कोणी उरतच नाही. आशिया खंडातली माणसं गेली दीडशे वर्षं या दुखण्याने पोखरली आहेत, आणि आपण त्यातून सुटलेलो नाही.

ही मोजपट्टी शब्दशः पट्टीच होती. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातल्या जातींची नाकं मोजवली. नाकाची रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण काढायचं, आणि नाक जितकं अरुंद तितकी जात वरची, असा सिद्धांत मांडायचा. त्याच सुमारास 'आर्य' हा शब्द युरोपात वंशाचं नाव होऊन बसला होता, आणि आपल्याकडच्या शिकलेल्या वर्गाला तो सुखावत होता. गोरा साहेब आपला दूरचा भाऊ निघाला तर कोणाला नको होतं? पण ते नातं जोडताना शेजारच्या माणसाशी असलेलं नातं तोडावं लागत होतं, हे फार थोड्यांच्या ध्यानात आलं.

त्या थोड्यांत इरावती कर्वे होत्या. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या पुण्याहून बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानववंशशास्त्रात संशोधन करू लागल्या. हे तेच फिशर, ज्यांच्या वंशविचारांचा पुढे नाझींनी आधार घेतला. त्यांचं गृहीतक असं, की गोऱ्या माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी अधिक असमान असते, आणि म्हणून त्याची तर्कबुद्धी श्रेष्ठ. हे सिद्ध करून दाखवण्याचं काम विद्यार्थिनीकडे आलं. ते दृश्य डोळ्यांपुढे आणा: परक्या देशात मराठी बोलणारी एक तरुण स्त्री, समोर टेबलावर मांडलेल्या कवट्या, हातात मोजमापाचं उपकरण, आणि डोक्यावर असे गुरू ज्यांना उत्तर आधीच ठाऊक आहे. तिने मोजलं, आकडे लिहिले आणि निष्कर्ष दिला: कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. गुरूला हवं होतं ते न लिहिता समोर दिसलं ते लिहिणं, हे धैर्य मला कोणत्याही क्रांतिकारकाच्या धैर्याइतकंच मोठं वाटतं.

इरावतीबाईंनी परत आल्यावर मापं घेणं सोडलं नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांची मापं त्यांनी घेतली, 1951 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पण त्यातूनही त्यांच्या हाती आलं ते हेच, की एका जातिनावाखाली येणारे पोटसमाजसुद्धा एका मुळाचे नाहीत. आपण ज्याला एक रक्त म्हणतो ते मुळात अनेक वाटांनी आलेलं आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 सालच्या शूद्रांवरील ग्रंथात आर्य वंशाच्या सिद्धांताची चिरफाड केली आणि दोन वर्षांनी अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मापांचेच आकडे घेऊन दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. ज्या पट्टीने आपल्याला खाली ढकललं, तीच हातात घेऊन त्यांनी तिचा खोटेपणा उघड केला.

मित्रहो, कमी लेखलं गेलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट 1923 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दिसली. भगतसिंग थिंद हे पंजाबी गृहस्थ, अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले. नागरिकत्व फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांना मिळण्याचा तो काळ. थिंद यांच्या बाजूने मांडलं गेलं, की ते उच्च जातीचे आर्य आहेत, म्हणून गोरे आहेत. आणि त्या उच्चपणाचा पुरावा काय, तर खालच्या समजल्या जाणाऱ्यांशी ते सोयरीक करत नाहीत! न्यायालयाने दावा एकमताने फेटाळला. वरच्यांनी आत घेतलं नाही आणि खालच्यांना आधीच दूर लोटून झालं होतं.

दुसरी वाट त्याआधी बरोबर 50 वर्षं पुण्यात दिसली होती. 1873 साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. जोतीराव अमेरिकेला कधी गेले नव्हते. पण आपलं दुःख तिथल्या काळ्या माणसाच्या दुःखाशी जुळतं, हे त्यांनी पुण्यात बसून ओळखलं. तोच धागा पुढे बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना लिहिलेल्या पत्रात दिसतो आणि 1972 साली तिथल्या काळ्यांच्या चळवळीपासून प्रेरणा घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हाही दिसतो. मराठी साहित्याचा हा वारसा आहे. वरच्याशी सोयरीक शोधायची नाही, सोबत चिरडल्या गेलेल्याचा हात धरायचा.

पण हा हात धरणं सोपं नाही, कारण उतरंडीत प्रत्येक मडक्याखाली आणखी एक मडकं असतं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचं आहे. रायगडातल्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले जाणारे हे ज्यू. गावांवरून पडलेली आडनावं, घरात मराठी. बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचून ती उभं राहून गाण्याची प्रथा त्यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केली. 1948 नंतर त्यातले हजारो इस्राएलला गेले, आपल्या माणसांत जातोय म्हणून. तिथे रंगावरून वागणूक वेगळी मिळते, असं सांगत काहींनी 1950 च्या दशकाच्या आरंभी तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि ते भारतात परतले. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने फर्मान काढलं, की या लोकांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करा. समाज रस्त्यावर उतरला. 1964 साली संसदेला जाहीर करावं लागलं, की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि त्यांचं नाव त्या फर्मानातून काढावं लागलं.

लढा न्यायाचा होता आणि ते जिंकले, याचा मराठी माणूस म्हणून मला अभिमान आहे. पण याच समाजात, कोकणात असताना, 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे दोन तट होते. मिश्र विवाहातून जन्मलेल्यांना काळे ठरवून त्यांच्याशी सोयरीक टाळली जाई. म्हणजे जी चौकशी पुढे जेरुसलेममध्ये त्यांच्या वाट्याला आली, ती त्यांनी आपल्या घरात आधीच चालवली होती. हे मी त्यांना नावं ठेवायला सांगत नाही. जातींच्या शेजारात राहून त्यांनी ते आपल्याकडूनच उचललं. त्यांच्या कहाणीत आपला चेहरा आहे.

आता घरी येऊ या. याच वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी, सेवालाल महाराजांचं ठिकाण. या बंजाऱ्यांच्या, म्हणजे लमाणांच्या, बैलांच्या तांड्यांनी एके काळी या देशाचं धान्य आणि मीठ वाहिलं. रेल्वे आली, तो धंदा बसला. 1871 च्या कायद्याने फिरत्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सोय इंग्रजांनी करून ठेवली. बंजारा, फासेपारधी आणि कितीतरी जमाती त्या जाळ्यात सापडल्या. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पण नजर गेली नाही. गंमत पाहा, तोच बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. राज्याची सीमा ओलांडली की कागदावरचा माणूस बदलतो. याच समाजातून गहुलीच्या वसंतराव नाईकांनी 11 वर्षांहून अधिक काळ या राज्याचं मुख्यमंत्रिपद सांभाळलं.

आणि तरीही आपल्या कोणत्याही बसस्थानकावर हे चित्र दिसतं. आरसे आणि कवड्या जडवलेली कांचळी, फेटिया, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या घातलेली म्हातारी एसटीतून उतरते. तिची कॉलेजात शिकणारी नात चार पावलं पुढे चालते. म्हातारी गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, हाक मारते. पोरगी मराठीत, तेही पुस्तकी मराठीत, हळू आवाजात उत्तर देते. त्या पोरीला दोष देऊ नका. वर्गात तिच्या बोलीला कोण हसलं, ते आधी शोधा. बहुधा ते हसणारं पोरगं वऱ्हाडी बोलणारं होतं. आणि तेच पोरगं पुण्याला शिकायला गेलं, की 'मले', 'तुले' म्हणायला घाबरतं, कारण तिथे त्याच्यावर हसणारे असतात. पुण्याचं पोरगं परदेशी गेलं की तिथे उच्चारावरून त्याची पारख होते. आणि मणिपूर-मिझोरमची मुलं आपल्या शहरांत आली की आपण त्यांना चिनी म्हणतो, 2020 साली तर महामारीच्या नावाने हाका मारल्या. आपल्याच देशाच्या नागरिकाला चेहऱ्यावरून परका ठरवणारे आपण, परदेशात आपल्याला कोणी परकं म्हटलं की कळवळतो.

रंगाचंही तेच. वधू-वर मेळाव्याची परिचयपुस्तिका उघडा. 'वर्ण' असा रकाना असतोच. सावळ्या मुलीचा बाप तिथे 'गव्हाळ' लिहितो, गव्हाळ मुलीचा बाप 'निमगोरी'. प्रत्येक जण आपल्या लेकीला एक पायरी वर सरकवतो. गोरेपणाचं 1975 साली आलेलं क्रीम 2020 मध्ये नाव बदलून विकलं जाऊ लागलं. पुस्तिकेतला रकाना मात्र तसाच आहे. आपल्या मुलीच्या कातडीबद्दल बापाने खोटं लिहावं, हे त्या मुलीला काय शिकवतं याचा विचार केलाय कधी?

साहित्याने यात काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. लक्ष्मण माने यांचं 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या', आत्माराम कनीराम राठोड यांचं 'तांडा' या पुस्तकांनी लाजेचं ओझं जिथलं तिथे, समाजाच्या दारात नेऊन ठेवलं. पण एकेका पुस्तकाने भागणार नाही. म्हणून या व्यासपीठावरून मी काही गोष्टी मागतो. नाटककारांनो, मालिका लिहिणाऱ्यांनो, वऱ्हाडी बोलणारं पात्र फक्त हसवण्यापुरतं आणू नका. त्याला विचार करू द्या, प्रेम करू द्या, न्यायनिवाडा करू द्या. शिक्षकांनो, तांड्यावरच्या मुलाला पहिली दोन वर्षं त्याच्या बोलीतून मराठीकडे न्या, बोली पुसून नको. संपादकांनो, गोरबोलीतली, कोलामीतली, कोरकूतली कविता मूळ रूपात छापा आणि शेजारी मराठी अनुवाद द्या. आणि इथे बसलेल्या आईबापांनो, परिचयपुस्तिकेतला तो रकाना कोरा सोडा. तो कोरा राहिला म्हणून लग्न मोडणार असेल, तर त्या घरात लेक गेली नाही हे बरंच झालं.

स्वाभिमान म्हणजे वरच्या मडक्याने आपल्याला आपल्यातलं म्हणावं यासाठीची धडपड नव्हे. वर मान करून पाहणं आणि खालच्याच्या डोक्यावर बसणं ही एकच सवय आहे; एक ठेवून दुसरी सोडता येत नाही. आपल्या भाषेने चक्रधरांना त्यांचा वंश विचारला नाही, सरस्वती गंगाधरांची मायबोली आडवी येऊ दिली नाही. आपण मात्र आपल्याच लेकरांना हे विचारत बसलो आहोत. उतरंड कोणी रचली याचा हिशेब इतिहासकार करतील. ती घरात ठेवायची की उतरवायची, हा निर्णय मात्र आपला आहे, आणि तो कारंज्यासारख्या गावात घ्यायला आपल्याला लाज वाटायचं काहीच कारण नाही.