शतावरीच्या कोंबांची भाजी

शतावरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वैद्यांच्या बरणीतली मुळी आणि बाळंतिणीसाठी केलेला कल्प उभा राहतो. परंतु तिच्याच कुळातील, युरोपात अ‍ॅस्परॅगस ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीचे कोवळे कोंब तिकडे भाजी म्हणून मोठ्या मानाने खाल्ले जातात, आणि जर्मनीत तर पुढील वर्षासाठी झाडाच्या मुळांत बळ साठावे म्हणून त्यांची तोडणी २४ जूनला, संत योहानाच्या सणादिवशी, रिवाजाने थांबवतात. मातीची भर घालून उन्हापासून राखलेला कोंब पांढरा राहतो, उघड्यावर वाढलेला हिरवा होतो, जात एकच.

आज मी शिफारस करणार आहे ती बेल्जममधील फ्लेमिश रीतीची, कारण अंडी आणि लोणी ह्यांच्या संगतीने ही भाजी ताटाची केवळ शोभा न राहता पोटाला आधार देणारी होते. चौघांसाठी एक किलो पांढरे कोंब, चार अंडी, शंभर ग्रॅम लोणी, मूठभर पार्स्ली, एक लिंबू आणि सोबतीला लहान नवे बटाटे, एवढे जिन्नस पुरेत. कोंब घेताना दोन एकमेकांवर घासून पाहावेत. ताजे असतील तर ते करकरतात, आणि बुडखा दाबला असता ओलावा बोटाला लागतो.

शेंड्याखाली दोन बोटे जागा सोडून तेथपासून बुडख्यापर्यंत साल काढणे अपरिहार्य आहे. प्रथम केले तेव्हा हा खटाटोप मला फाजील वाटला. परिणामी पाहुण्यांच्या ताटांशेजारी शेवग्याच्या शेंगांसारखे चोथ्याचे ढीग जमले, आणि कोणी काही बोलले नाही हेच मला अधिक लागले.

सोललेल्या कोंबांच्या जुड्या बांधून, मीठ व चिमूटभर साखर घातलेल्या पाण्यात, शेंडे वाफेवर राहतील अशा बेताने त्या उंच भांड्यात उभ्या कराव्यात, आणि सुमारे पंधरा मिनिटांनी बुडख्यात सुरीचे टोक अलगद शिरते का ते पाहावे. (रोमन बादशहा ऑगस्टस झटपट उरकायच्या कामाला शतावरी शिजण्याचा दाखला देत असे, असे त्याचा चरित्रकार सुएटोनिअस नमूद करतो; बादशहाच्या मुदपाकखान्यातले कोंब चांगलेच बारीक असावेत.) इकडे बटाटे उकडून घ्यावेत, आणि दहा मिनिटे उकडलेली अंडी काट्याने कुस्करून, वितळलेल्या पण तांबूस न झालेल्या लोण्यात पार्स्ली, मीठ, मिरपूड, किंचित जायफळ व लिंबाचा रस ह्यांसह कालवून, निथळलेल्या गरम कोंबांवर, शेंडे मोकळे ठेवून, पसरावीत.

पार्स्लीऐवजी कोथिंबीर घालण्याची तडजोड ह्या भाजीला मानवत नाही, आणि हिंगमोहरीच्या फोडणीला तर येथे साफ मनाई समजावी.

कोंब उकडलेले पाणी मात्र फेकू नका. काढलेल्या साली धुऊन त्याच पाण्यात वीस मिनिटे उकळून गाळल्या, की रात्रीच्या साराची तजवीज होते.