व्यायामशाळा आणि प्रशिक्षकाचे वर्तन

(ग्रामीण व्यायामशाळांचे कार्यकर्ते, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गावात नवी व्यायामशाळा सुरू होते तो दिवस मोठ्या उत्साहाचा असतो. खोलीला नवा रंग दिलेला असतो, वजने कोरी करकरीत असतात, मारुतीच्या तसबिरीला हार घालून नारळ फुटतो. पहिल्या आठवड्यात जागा अपुरी पडते. तिसऱ्या महिन्यात मात्र सायंकाळी तेथे चार-सहा तरुण तेवढे दिसतात आणि बाकीची साधने धूळ खात पडतात. असे झाले म्हणजे लोकांच्या आळसाला बोल लावण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु जी माणसे ऊनपावसाची पर्वा न करता पंढरीची वाट पायी चालतात, त्यांना सरसकट आळशी कसे म्हणावे? व्यायाम सोडून गेलेल्या माणसाने मन मोकळे केले, तर पुष्कळदा असे आढळते की, त्याला साधने कमी पडली नव्हती. तेथे मिळालेली वागणूक त्याच्या मनाला लागली होती.

हा प्रश्न किरकोळ नव्हे. प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. याच संघटनेच्या २०२४ मधील अहवालानुसार जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढ आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करीत नाहीत; भारतात हे प्रमाण जवळजवळ निम्मे आहे आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ते अधिक आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचे ओझे शेवटी कुटुंबावर आणि शासकीय रुग्णालयांवरच पडते. म्हणून व्यायामशाळा बांधणे जितके महत्त्वाचे, तितकेच तेथे आलेला माणूस टिकवणे महत्त्वाचे आहे.

मनाच्या तीन गरजा

माणूस एखादे काम आपखुशीने का करीत राहतो, या प्रश्नाचा अभ्यास अमेरिकेतील एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे केला. डेसी यांचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बोलका आहे. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवण्यास दिली. काहींना मधल्या बैठकीत प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला. इतरांना काही दिले नाही. पुढच्या बैठकीत पैसे बंद झाले. प्रयोगकर्ता काही मिनिटे खोलीबाहेर गेला असता, ज्यांना पूर्वी पैसे मिळाले होते त्यांची कोड्यातील गोडी कमी झालेली दिसली. उलट, ज्यांना केवळ शब्दांनी शाबासकी मिळाली होती, त्यांची गोडी टिकून राहिली. बाहेरच्या लोभाने आतली ओढ मंदावते. मनापासून केलेल्या कौतुकाने तिला बळ मिळते.

पुढे या दोघांनी मांडलेल्या विचाराचे सार असे की, अन्नपाण्याची शरीराला गरज असते तशा मनालाही तीन मूलभूत गरजा असतात. पहिली, आपण करतो ते आपल्या इच्छेने करतो ही भावना. दुसरी, आपल्याला हे जमते हा विश्वास. तिसरी, येथे आपण कोणाचे तरी आहोत हा आपलेपणा. या गरजा भागल्या तर कष्टाचे कामही माणूस आवडीने करतो. त्या चिरडल्या गेल्या तर फायद्याचे कामही तो टाळू लागतो. व्यायामशाळेत या तिन्ही गरजांची किल्ली बव्हंशी प्रशिक्षकाच्या हाती असते.

इच्छा, क्षमता, आपलेपणा

गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आलेल्या पन्नाशीच्या शिक्षकाचे उदाहरण घ्यावे. एक प्रशिक्षक त्याला म्हणतो, “मी सांगतो तेवढे करा, प्रश्न विचारू नका.” दुसरा म्हणतो, “गुरुजी, मांडीचे स्नायू बळकट झाले तर गुडघ्यावरचा भार हलका होईल. त्यासाठी हे दोन प्रकार आहेत. आपल्याला कोणता सोयीचा वाटतो?” व्यायाम दोन्हीकडे तोच. परंतु पहिल्या ठिकाणी गुरुजी हुकूम पाळतात, दुसऱ्या ठिकाणी स्वतःचा निर्णय अमलात आणतात. हुकूम देणारा समोर नसला की हुकूम संपतो. स्वतःचा निर्णय मात्र घरीही सोबत येतो.

याचा अर्थ शिस्त नको, असा कोणी करू नये. कोणते वजन कसे उचलावे, पाठ कशी ठेवावी, श्वास केव्हा सोडावा, याबाबत प्रशिक्षकाने काटेकोरच असले पाहिजे. कारण सांगून लावलेली शिस्त आणि धाकाने लावलेली शिस्त यांत फरक आहे, एवढाच मुद्दा आहे.

क्षमतेची गोष्टही अशीच. “वस्ताद एक डाव राखून ठेवतो” अशी म्हण आपल्याकडे आहे. आखाड्यातील चुरशीत ती शोभत असेल. आरोग्यासाठी आलेल्या माणसापासून मात्र काहीही राखून ठेवू नये. चार महिन्यांनंतरही ज्याला आपला व्यायाम आपणहून करता येत नाही, त्याला व्यायाम शिकवला असे म्हणता येणार नाही. पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढायला लावून दुसऱ्या दिवशी जिना उतरणे अशक्य करून सोडणे, हा तर नवागताला परत पाठवण्याचा खात्रीचा उपाय आहे. दहा बैठका नीट जमल्या, पुढील आठवड्यात बारा जमल्या, आणि कोणीतरी ते पाहून नेमक्या शब्दांत सांगितले, एवढ्याने माणसाचा आत्मविश्वास वाढतो. “छान” या मोघम शब्दापेक्षा “आज आपली पाठ सरळ राहिली” हे वाक्य अधिक मोलाचे.

तिसरी गरज आपलेपणाची. नाव लक्षात ठेवणे, चार दिवस न दिसल्यास चौकशी करणे, आजारातून उठलेल्याला हळूहळू सुरुवात करून देणे, यांस पैसा लागत नाही. याउलट, स्थूल व्यक्तीला सर्वांदेखत टोपणनावाने हाक मारणे, सडपातळ मुलाची इतरांशी तुलना करणे, खाडा झाला म्हणून अबोला धरणे, या गोष्टी थट्टेच्या स्वरूपात घडत असल्या तरी त्यांची जखम खोल असते. स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष लक्षात घ्यावे. धीर करून उंबरठा ओलांडलेली गृहिणी एका शेऱ्याने कायमची परत फिरते आणि तिच्याबरोबर येऊ पाहणाऱ्या चौघीही घरीच राहतात.

अनुभवाचा कौल

या विचाराला अनुभवाचा आधार आहे. अमेरिकेत वजन कमी करण्याच्या सहा महिन्यांच्या एका कार्यक्रमात दाखल झालेल्या १२८ अतिस्थूल व्यक्तींचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना कर्मचारी आपले म्हणणे समजून घेतात व निवडीस वाव देतात असे वाटत होते, त्यांची प्रेरणा अधिक आतून आलेली होती. अशी आतली प्रेरणा असणारे लोक अधिक नियमितपणे उपस्थित राहिले आणि २३ महिन्यांनंतरही त्यांनी घटवलेले वजन अधिक टिकवले होते. ब्रिटनमध्ये व्यायामवर्गांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील दहा आठवड्यांच्या एका वर्गात शिकवण्याची पद्धत जाणीवपूर्वक या तिन्ही गरजांना धरून ठेवली होती. नेहमीच्या पद्धतीच्या वर्गापेक्षा तेथील उपस्थिती अधिक राहिली आणि क्षमतेची व आपलेपणाची भावनाही अधिक वाढली.

महाराष्ट्राला यातील काही गोष्टी अपरिचित नाहीत. कोल्हापूरच्या तालमी असोत वा १९१४ साली अमरावतीस स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ असो, व्यायामाभोवती एक कुटुंब उभे करणे ही येथील जुनी परंपरा आहे. एकाच हौद्यातील माती अंगाला लावणारी मुले एकमेकांची सोबती होत. मात्र त्या परंपरेत धाकही होता आणि तिचा भर तगड्या तरुणांवर होता, हेही मान्य केले पाहिजे. आजच्या व्यायामशाळेत विद्यार्थिनी, निवृत्त कर्मचारी, मधुमेही शेतकरी असे सर्वच येणार आहेत. तालमीचा जिव्हाळा घ्यावा आणि धाक मागे ठेवावा, हेच उचित.

कोणी काय करावे?

प्रशिक्षकाची निवड करताना पंचायतीने केवळ त्याच्या दंडाचा घेर पाहू नये. तो नवख्याशी कसा बोलतो, ऐकून घेतो की नाही, हे एक-दोन दिवस वर्ग घ्यायला लावून पाहावे. स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ आणि शक्य तेथे स्त्री-प्रशिक्षक असावी. भुकट्या आणि शरीर झटपट फुगवणारी औषधे सदस्यांच्या गळी उतरवण्यास सक्त मनाई असावी. त्यांनी आरोग्य बिघडते आणि माणसाचा स्वतःच्या मेहनतीवरचा विश्वासही उडतो. व्यायाम सोडून गेलेल्यांना वर्षातून दोनदा तरी कारण विचारावे व ते नोंदवून ठेवावे. अधिकाऱ्यांनी पाहणीच्या वेळी साधनांबरोबरच सहा महिन्यांपूर्वी आलेल्यांपैकी किती जण आजही येतात, हेही विचारावे. शिक्षकांनी शाळेच्या मैदानावर व्यायाम ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. चुकीबद्दल उठाबशा काढलेल्या मुलाला मोठेपणी व्यायामाची गोडी कशी लागावी?

लोखंडी साधने निविदा काढून विकत घेता येतात. दारात बिचकत उभ्या राहिलेल्या माणसाला “या, बसा, आज किती जमेल ते पाहू” असे म्हणणारा प्रशिक्षक मात्र शोधावा लागतो, घडवावा लागतो आणि जपावा लागतो. तसा प्रशिक्षक ज्या गावाला मिळेल, त्या गावची व्यायामशाळा तिसऱ्या महिन्यातही भरलेली दिसेल.