शाळेतील कनिष्ठ सेवक आणि आपला शिष्यवृत्ती निधी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आताच दहावी व बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार या व्यासपीठावर झाला. त्या मुलामुलींचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु चिटणीसांनी आम्हांस दहा-पंधरा मिनिटे बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही ठरविले की, आज ज्यांचा सत्कार झाला नाही त्यांच्याविषयी बोलावे. सकाळी सातपासून या सभागृहात सतरंज्या अंथरणारे, पिण्याच्या पाण्याची पिंपे भरणारे जे आपले बांधव आहेत, त्यांतील बरेचसे आठवड्याचे सहा दिवस कोठल्या ना कोठल्या शाळेत शिपाई, प्रयोगशाळा परिचर किंवा ग्रंथालय परिचर म्हणून राबतात. रविवारी ते आपल्या मेळाव्यासाठी राबतात, एवढाच फरक.

आपली ज्ञाती विणकरांची. हातमाग मागे पडून यंत्रमाग आले आणि पुढे सोलापुरातील मोठमोठ्या गिरण्याही एकामागून एक बंद झाल्या. तेव्हा जी पोरे आठवी-दहावीपर्यंत शिकली होती, त्यांनी मिळेल ती नोकरी धरली. शाळेतील शिपायाची नोकरी त्या वेळी भाग्याची वाटे, कारण तिला वेतनश्रेणी होती आणि निवृत्तिवेतन होते. अशा रीतीने आपल्या कितीतरी घरांत शाळा आली, ती घंटेच्या आणि झाडूच्या रूपाने. त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. मात्र ती तेथेच थांबावी काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

आम्ही स्वतः 1975 साली मॅट्रिक झालो, दोन वर्षांची डी.एड्. केली आणि 1978 ते 2016 अशी अडतीस वर्षे एका खाजगी अनुदानित संस्थेत शिक्षकी केली. आमची शाळा शहराच्या पूर्व भागाला लागून होती. तेथे पहिलीच्या वर्गात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांची घरची भाषा तेलुगू, काहींची कन्नड. जून महिन्यात ती लेकरे आमच्याकडे टकमक पाहत बसत. आम्ही ‘पाटी काढा’ म्हटले की एकही हात हलत नसे. अशा वेळी आमचे शिपाई दारात येऊन उभे राहत, दोन शब्द तेलुगूत बोलत, आणि चाळीस पाट्या एकदम बाहेर येत. ही गोष्ट एक दिवसाची नव्हे. दिवाळीपर्यंत तो वर्ग आम्ही दोघे मिळून शिकवीत असू. पगारपत्रकात मात्र शिक्षक एकच होता. कोणत्या मुलाचा बाप दारू पितो, कोणती मुलगी न जेवता येते, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, हे मुख्याध्यापकांच्या आधी शिपायास ठाऊक असते. प्रशिक्षण महाविद्यालयात बालमानसशास्त्राचे पुस्तक असते. त्यातील अर्धे या मंडळींनी व्हरांड्यात उभे राहून शिकलेले असते. उरलेले अर्धे शिकण्याची सोय त्यांस कोणी करून द्यावयाची?

आमच्या इतिहासात याला आधार नाही असे नाही. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली 1909 साली पुण्यात सेवासदन निघाले. संसारात होरपळलेल्या, शाळेचे वय उलटून गेलेल्या कितीतरी स्त्रिया तेथे शिकून शिक्षिका आणि परिचारिका झाल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1935 साली साताऱ्यास शिक्षकांचे प्रशिक्षण महाविद्यालय काढले ते खेड्यापाड्यांतील मुलांना डोळ्यांपुढे ठेवून, आणि श्रमाची व शिक्षणाची फारकत त्यांनी कधी मान्य केली नाही. वय झाले, हात राबते आहेत, म्हणून शिक्षक होण्याचा मार्ग बंद, असे या थोर मंडळींनी म्हटले नाही. ते आपल्या मंडळाच्या नियमावलीने म्हटले आहे. त्याकडे आम्ही येतोच.

प्रथम दोन उदाहरणे सांगतो. नावे सांगत नाही, कारण दोन्ही व्यक्ती हयात आहेत व संकोची आहेत.

पहिले गृहस्थ प्रयोगशाळा परिचर होते. बारावी विज्ञान झाल्यावर वडील गेले आणि शिक्षण सुटले. नळकांडी धुता धुता, तारा जोडता जोडता प्रयोग त्यांच्या हातात इतके बसले की, नवे शिक्षक आधी त्यांच्याकडून प्रयोग करवून घेत आणि मग वर्गात जात. त्यांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेतली. पदवी कलाशाखेची, कारण विज्ञानाची पदवी नोकरी सांभाळून घेणे त्यांस शक्य नव्हते. म्हणजे जो विषय बोटांत होता तो शिकविण्याचा अधिकार गेला, आणि मराठी व इतिहास शिकविण्याचा आला! असो. त्या वेळी बी.एड्. एक वर्षाचे होते. त्यांनी एक वर्षाची बिनपगारी रजा घेतली; पत्नीने घरी विड्या वळून ते वर्ष काढले. परत आल्यावर वर्षभर ते पुन्हा परिचरच होते. पुढे 2011 साली त्याच संस्थेत शिक्षकाची जागा निघाली व ती त्यांस मिळाली.

दुसऱ्या आपल्या एक भगिनी. पतीच्या पश्चात अनुकंपा तत्त्वावर शिपाई म्हणून लागल्या. बारावी उत्तम गुणांनी झालेल्या. 2018 साली त्यांस प्राथमिक शिक्षक पदविकेला, म्हणजे आपण अजून ज्याला डी.एड्. म्हणतो त्या अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळाला. संस्थेने रजा दिली, अर्थात बिनपगारी. पहिल्या वर्षाची फी भावाने भरली. दुसऱ्या वर्षाची फीही तो भरण्यास तयार होता. परंतु घरात दोन मुले व सासूबाई. शिलकीतले पैसे पहिल्या वर्षातच संपले. फीला पैसे होते, पिठाला नव्हते. त्या परत कामावर रुजू झाल्या. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका त्यांच्या पेटीत आजही आहे.

या भगिनींचा अर्ज आपल्या मंडळाकडे आला होता. तो परत गेला, कारण आपल्या नियमाप्रमाणे अर्जदाराचे वय पंचवीसच्या आत हवे, आणि शिष्यवृत्ती फक्त फीच्या पावतीवर द्यावयाची. कार्यकारिणीने नियम पाळला. त्याबद्दल कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. दोष नियमाचा आहे. तो नियम केला गेला तेव्हा शिकणारा म्हणजे आईबापांच्या जिवावर राहणारा कोवळा मुलगा, एवढीच कल्पना डोळ्यांपुढे होती.

आता मार्ग पूर्वीपेक्षा लांब व चढणीचा झाला आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बी.एड्. 2015 पासून दोन वर्षांचे झाले. मुक्त विद्यापीठाचे बी.एड्. हे आधीच सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी आहे; शिपायास किंवा लिपिकास ते उपयोगी नाही. प्राथमिक वर्गांसाठी बी.एड्. चालणार नाही, पदविकाच हवी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये दिला. त्यावर पात्रता परीक्षा, जिला सर्वजण टीईटी म्हणतात. आपल्या राज्यात ती 2013 पासून होते. पेपर दीडशे गुणांचा, आणि खुल्या वर्गास साठ टक्के मिळविल्याखेरीज उत्तीर्ण नाही. ही परीक्षा इतकी अटळ झाली आहे की, पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी सांगितले. याखेरीज भरतीसाठी अभियोग्यता चाचणी निराळी, आणि ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीवरील प्रतीक्षा निराळी.

दुसरीकडे, पायाखालची पायरीही निसटते आहे. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने असे ठरविले की, अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीची जागा निवृत्तीने रिकामी झाली की ती पुन्हा भरावयाची नाही. त्याऐवजी शाळेस शिपाई भत्ता द्यावयाचा, ग्रामीण भागात महिना 5,000 रुपये, महानगरपालिकांत 7,500 आणि मुंबई-पुण्यात 10,000. म्हणजे ज्या नोकरीत वडिलांनी संसार केला, तीच नोकरी मुलाने धरली तर तिला ना श्रेणी, ना निवृत्तिवेतन. आपल्या ज्या तरुणांनी अलीकडे अशा जागा धरल्या आहेत, त्यांनी वर चढावयाचे की बाहेर पडावयाचे, एवढेच दोन मार्ग उरतात.

काही सन्मान्य सभासद आम्हांस खाजगीत म्हणाले, “गुरुजी, डी.एड्. झालेली पोरे गल्लोगल्ली रिकामी बसली आहेत. त्यांत आणखी चार शिपायांची भर कशाला?” आक्षेप खरा आहे, आणि तो उडवून लावणे आम्हांस शोभणार नाही. पदविका म्हणजे नेमणूकपत्र नव्हे, हे अर्जदारास पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे. परंतु रिकामा बसलेला पदविकाधारक आणि आमचा हा परिचर यांत एक भेद आहे. हा शाळेत आहेच. त्याला शाळेची व शाळेला त्याची पारख झालेली आहे. रजेवर गेलेल्या शिक्षकाचा तास तो आजही सांभाळतो, विनाहक्क आणि विनावेतन. शिवाय परीक्षेत अपयश आले तरी, नोकरी न सोडता रजेवर शिकलेला मनुष्य आपल्या जागी परत येऊ शकतो. उपाशी राहण्याची पाळी येत नाही. म्हणूनच ‘राजीनामा देऊन शीक’ असा सल्ला आम्ही कोणास देणार नाही. रजा लेखी मंजूर झाल्याचे पत्र हाती पडल्याशिवाय मंडळानेही पैसा देऊ नये.

आमची सूचना मोठी नाही. निधीच्या वार्षिक व्याजाचा एक चतुर्थांश भाग शाळांतील शिक्षकेतर सेवकांसाठी निराळा काढावा. अंगणवाडी मदतनीस आणि शालेय पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्या भगिनी यांसही त्यात धरावे. त्यांना मिळणारे मानधन सर्वांस ठाऊक आहे. वयाची अट पंचेचाळीसपर्यंत न्यावी. फी ही लहान बाब आहे; खरा खर्च घरातल्या चुलीचा आहे, म्हणून साहाय्य दरमहा द्यावे आणि ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरी पोचावे. वर्षातून एकदा, मेळाव्यात, हार घालून आणि छायाचित्र काढून देऊ नये. पात्रता परीक्षेच्या पहिल्या दोन प्रयत्नांचे शुल्क व पुस्तके मंडळाची. परतफेडीविषयी मतभेद होतील. आमच्या मते निम्मी रक्कम देणगी व निम्मी बिनव्याजी कर्ज असावी, आणि कर्जाचा हप्ता शिक्षक म्हणून पहिला पगार हाती आल्यावरच सुरू व्हावा. पगार आलाच नाही तर मंडळाने ती रक्कम विसरावी. कोणतेही हमीपत्र, जामीन वगैरे लिहून घेण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत. ज्या घरात जामीन मिळतो त्या घरास आपल्या निधीची फारशी गरज नसते.

निधी अपुरा पडेल, अशी भीती खजिनदारांनी व्यक्त केली आहे. सत्कारप्रसंगीची शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्हे आणि या स्मरणिकेचा गुळगुळीत रंगीत कागद यांचा हिशेब त्यांच्याच वहीत आहे. तो त्यांनी एकदा सभेस वाचून दाखवावा, एवढीच विनंती. शिवाय आपल्या ज्ञातीत निवृत्त शिक्षक बरेच आहेत. पात्रता परीक्षेची तयारी करून घेण्यास आम्ही रोज सकाळी एक तास देण्यास सिद्ध आहोत. गणित आणि परिसर अभ्यास आमच्याकडे. मराठी व इंग्रजीसाठी आणखी दोघे हवेत. समोर बसलेल्यांपैकी दोघांकडे आम्ही मुद्दाम पाहत आहोत.

नियमदुरुस्तीचा मसुदा आम्ही चिटणीसांच्या स्वाधीन केला आहे. तो पुढील सर्वसाधारण सभेपुढे येईल. त्यावर विरुद्ध मत देणाऱ्यांनी अवश्य द्यावे, परंतु सभेस यावे. आणि ज्या घरांत असा शिकू पाहणारा शिपाई, परिचर, लिपिक किंवा मदतनीस असेल, त्यांनी बारावीची गुणपत्रिका घेऊन त्यापूर्वी आमच्या घरी यावे. सायंकाळी पाचनंतर आम्ही घरीच असतो. त्या भगिनींना आम्ही निरोप धाडला आहे. त्यांचे पहिले वर्ष अद्याप ग्राह्य धरले जाईल की नव्याने प्रवेश घ्यावा लागेल, याची चौकशी प्रशिक्षण महाविद्यालयात या आठवड्यात करावयाची आहे.