नर्मदेच्या फुगवट्यात जेवायचं कुठे?

हा भाग रेकॉर्ड करायचं मी बरेच दिवस टाळत होतो. कारण विषय जेवणाचा आहे आणि त्यात माझी एक मोठी चूक आहे.

धडगावच्या बोटीच्या सफरीबद्दल मागे एका भागात मी ओझरतं बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "तिथे खायला चांगलं कुठे मिळतं? लोकेशन पाठवा." माझ्या आतेभावाने तर सरळ विचारलं, "बोटीवर बुफे असतो का?" तो मुंबई-गोवा क्रूझ करून आलेला माणूस. त्याच्या डोळ्यासमोर सहा मजली जहाज, सकाळी सात ते रात्री बारा तोंड चालू. त्याला म्हटलं, बाबा रे, आमच्या बोटीत लाकडी फळ्या असतात, डिझेलचं इंजिन असतं, आणि शेजारी कोणाची तरी शेळी बसलेली असते. बुफे शेळीचा असतो, ती तुझी पिशवी खाते.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर हद्द म्हणजे नर्मदा. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली 33 गावं बुडिताखाली आली, सगळी आपल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेली हे त्यातलं सर्वात जास्त ऐकलेलं नाव. 2019 च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं, 138.68 मीटर. फुगवटा मागे दोनशे किलोमीटरच्या वर जातो. डोंगरांच्या मधल्या दऱ्यांमध्ये पाणी शिरलं, आणि जी गावं वर सरकून राहिली त्यांतल्या कितीतरी पाड्यांना आज बोट हाच रस्ता आहे. सरकारी दवाखानाही तिथे बोटीवर फिरतो, तरंगता दवाखाना. बघायला देखणं आहे, खोटं कशाला बोलू. पण आपण ज्याला 'बॅकवॉटर टुरिझम' म्हणतो ते कोणाच्या तरी शेतावरून जातं, एवढं डोक्यात ठेवून पुढचं ऐका.

आमचा कार्यक्रम तीन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी नंदुरबार, प्रकाशा, शहादा, धडगाव. दुसऱ्या दिवशी भूषाच्या धक्क्यावरून बोट, दोन-तीन पाड्यांवर उतरायचं, संध्याकाळी परत धडगाव. तिसऱ्या दिवशी मोलगी, अक्कलकुवा, तळोदा करत नंदुरबार. आम्ही नऊ जण. त्यात माझी पुण्याची आत्या, वय 68, मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. हे लक्षात ठेवा.

पहिला दिवस सोपा असतो, तिथे माझ्या सल्ल्याची तशी गरजच नाही. सुरत-भुसावळ लाइनवर नंदुरबारला उतरलात आणि हंगाम मिरचीचा असेल तर गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत घातलेली दिसेल. दिसायच्या आधी शिंक येईल. शहाद्याकडे पपई आणि केळीचे मळे. ढाबा निवडायची माझी रीत एकच, पपईच्या गाड्यांचे ड्रायव्हर जिथे जेवतात तिथे थांबायचं. पाटी कितीही मोठी असू दे, दारात ट्रक नसेल तर पुढे चला. शेवभाजी सांगा आणि भाकरी दादरची आहे का ते विचारा. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, तिची भाकरी मऊ आणि गोडसर लागते. आणि "कमी तिखट करा" असं सांगून उपयोग नाही. तर्री वर तरंगते ती वाटीने बाजूला काढा, खालचा रस्सा खा. पुण्याच्या मंडळींनी ते केलं नाही. जाऊ दे.

धडगावात बसस्टँडजवळ खानावळी आहेत, पण त्या आपल्या घड्याळाने चालत नाहीत. आम्ही घाटात फोटो काढत बसलो, साडेनवाला पोचलो, तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली होती. एका मालकाने दया येऊन वरण-भात टाकला. कुकर लावता लावता त्याने विचारलं, "भाऊ, किती जण शेतस?" मी म्हटलं नऊ. तो म्हणाला, "पहिलेच फोन करी देवाना ना." आधी फोन करायचा ना. पुढच्या दिवसाचा सगळा धडा त्या एका वाक्यात होता, आणि मला तो ऐकूच आला नाही.

आता दुसरा दिवस. डिसेंबर होता. बोटवाले दादा सकाळी आठला धक्क्यावर. लाइफ जॅकेट मोजून घेतली. 2019 च्या संक्रांतीला इथेच बोट उलटून माणसं गेली आहेत, तेव्हा बोटीत किती जण बसलेत हे तुम्ही स्वतः मोजा, लाजू नका. आमच्याकडे बिस्किटं होती, चिवडा होता, आत्याच्या डब्यात पुऱ्या आणि सुकी बटाट्याची भाजी होती. हे सगळं अकरा वाजेपर्यंत संपलं. पाण्यावरच्या वाऱ्याने भूक लागते, हे मला माहीत होतं आणि तरी मी निवांत होतो. का, तर दादांनी सांगितलं होतं, "त्या पाड्यावर माझ्या ओळखीचं घर आहे, जेवू घालतील." मी ते हॉटेलसारखं ऐकलं. पोचलं की मिळेल.

इंजिनमध्ये काहीतरी अडकलं, तासभर गेला. पाड्याच्या खाली बोट लागली तेव्हा दोन वाजून गेले होते. उतरल्यावर चढ आहे. अर्ध्या चढावर आत्या खाली बसली. घाम फुटला होता, बोलणं अडखळत होतं. मशीनवर साखर 58. तिच्या पर्समधल्या गोळ्या? त्या धडगावात, दुसऱ्या पर्समध्ये.

वरून एक बाई पाणी आणायला निघाली होती. तिने बघितलं, हंडा तिथेच ठेवला, मागे फिरली आणि एका वाटीत गूळ घेऊन आली. नंतर काळा चहा, तोही गुळाचा, सांडत सांडत. दहा मिनिटं आम्ही कोणी बोललो नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघितलं तर 90 च्या वर. आत्या पहिलं वाक्य बोलली ते असं, "चहा फार गोड आहे." तेव्हा आम्ही हसलो. मला पाय थरथरतायत हे तेव्हा कळलं.

तेच दादांच्या ओळखीचं घर होतं. आणि त्या घरी कोणालाच माहीत नव्हतं की नऊ माणसं जेवायला येणार आहेत. दादांना वाटलं मी कळवतोय, मला वाटलं दादा कळवतायत. डोंगरात रेंज असते कुठे? निरोप आदल्या बोटीने जातो, किंवा जातच नाही.

ताईंनी काही विचारलं नाही. चूल पेटवली. मक्याच्या भाकऱ्या, जाड, खापरावर भाजलेल्या. तुरीची डाळ, फोडणीत फक्त लसूण आणि मिरची, आणि आंबटपणाला आमचूर. हे आमचूर म्हणजे आपल्याकडच्या पाकिटातली पूड नव्हे. सातपुड्यात उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, काप करून, खडकांवर वाळवतात. पांढरे स्वच्छ काप. घरातल्या बायका-पोरांचे दोन महिने त्यात जातात आणि त्यातला बहुतेक माल धडगाव-मोलगीच्या व्यापाऱ्याकडे जातो. डाळीत तो काप फुगतो, मऊ होतो आणि त्याला आंब्याचा वास येतो. मी आयुष्यात खाल्लेल्या पहिल्या तीन डाळींत ही डाळ आहे. बाकीच्या दोन आईच्या.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आतेभावाने चार. जेवण झाल्यावर हात धुवायला मागे गेलो तर ताईंचा मुलगा, असेल आठ-नऊ वर्षांचा, शेजारच्या घरातून टोपलीत पीठ घेऊन येत होता. दुसऱ्यांदा. आणि घरातली कोणीच जेवली नव्हती. डाळ संपली होती. ताईंचा नवरा दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेला, या भागातली अर्धीअधिक कर्ती माणसं तशी जातात आणि होळीला परत येतात. म्हणजे घरात जे धान्य होतं ते होळीपर्यंतचं मोजून ठेवलेलं. नंदुरबारचं नाव पेपरात कशासाठी येतं तुम्हाला माहीत आहे. कुपोषणासाठी येतं. आणि आम्ही नऊ धडधाकट माणसं तिथे उतरून 'ऑथेंटिक फूड' म्हणत फोटो काढत होतो.

पैसे द्यायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत. "पाहुणे आहेत," एवढंच दादांकरवी सांगितलं. आत्याने मुलाच्या हातात पाचशेची नोट कोंबली, त्याने ती आईला दिली, आईने ती आत्याच्या पिशवीत परत घातली. ते आम्हाला धडगावात सापडलं.

परतीच्या बोटीत मी दादांना जरा चिडून म्हटलं, तुम्ही सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही विचारलं जेवण मिळेल का. मी म्हटलं मिळेल. मिळालं ना?" यावर काय बोलणार?

तर, "चांगलं कुठे मिळतं" या प्रश्नाचं माझं उत्तर तेव्हापासून बदललं. जमिनीवर जागा शोधता येते. शहाद्याला चुकलात तर प्रकाशाला खाल, दुसरा ढाबा आहेच. पाण्यावर जागा शोधायची नसते, ती आदल्या दिवशी ठरवायची असते. तिथे हॉटेल नाही, कोणाचं तरी घर आहे, आणि त्या घराला तीन गोष्टी आधी कळायला हव्यात. माणसं किती, येणार किती वाजता, आणि धान्य कोण आणणार.

दुसऱ्या वेळी, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, आम्ही तसं केलं. आठवडाभर आधी दादांच्या हाती निरोप आणि आगाऊ रक्कम पाठवली. माणशी दोनशे ठरले, ते त्यांनी ठरवले, आम्ही नाही. 'पाहुणे' म्हटलं की पैसे नाकारले जातात, 'स्वयंपाकाचं काम' म्हटलं की घेतले जातात, हे दादांनी शिकवलं. किराणा धडगावातून घेतला, तूरडाळ, तेल, गूळ, चहा, कांदे, आणि आमच्या गरजेच्या दुप्पट. मी गव्हाचं पीठही घेत होतो तर दादा म्हणाले, ते नको, पाहुण्यांना आपली भाकरी सोडून पोळी कशाला घालायची असं त्या म्हणतात. मान्य. या भागातला मका आणि ज्वारी साधी गोष्ट नाही. बाएफ संस्थेने इथे स्थानिक वाण जपण्यासाठी बियाणं बँका उभ्या केल्या त्या उगाच नाही.

फेब्रुवारीत पाणी उतरलेलं असतं. मागच्या वेळी जिथे बोट लागली होती ती जागा आता खूप वर राहिली होती आणि मध्ये भेगाळलेल्या गाळाचा पट्टा. चढ दुप्पट. ताईंनी मुलाला काठ्या घेऊन खाली पाठवलं होतं, आत्यासाठी. या वेळी बारा वाजता पानं पडली. डाळ तीच, शिवाय कोंबडीचा रस्सा, आणि वालाच्या शेंगा. घरातली माणसं आमच्याबरोबर बसली नाहीत, पण आमच्यानंतर लगेच बसली आणि भांड्यात डाळ होती. ते मी बघितलं. आत्याने आधी मशीन लावलं, मग इन्सुलिन घेतलं, मग भाकरी मोडली. सगळा पाडा ते इंजेक्शन बघायला गोळा झाला होता.

तिसऱ्या दिवसाचं फार सांगत नाही. मोलगीला थांबा, भगर विकत घ्या. उपासाला आपण जी खातो तीच, पण ताजी सडलेली भगर शिजली की खोलीभर वास येतो. बाजाराचा दिवस असेल तर भजी आणि जिलेबी तिथेच उभ्याने खा, कढईजवळ. आमचूरही तिथूनच घ्या, आणि घासाघीस करू नका.

आता लोकेशन. ते मी देणार नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मागच्या उन्हाळ्यात कोणीतरी दुसऱ्या एका पाड्याचा व्हिडिओ टाकला, "इथे फुकट गावरान जेवण", आणि पुढच्या रविवारी तिथे तीन बोटी लागल्या. दादांनी सांगितलं की त्या घराने दार लावून घेतलं. तुम्हाला जायचं असेल तर भूषाच्या धक्क्यावर एक दिवस आधी जा, बोटवाल्यांशी बोला, तेच सांगतील कोणत्या घरी सध्या जमेल आणि कोणत्या घरी नाही. कोणाकडे बाळंतीण असते, कोणाचं पीठ संपलेलं असतं. हे गूगलवर येत नाही.

आमची पुढची फेरी होळीनंतर आहे, तेव्हा ताईंचे यजमानही परत आलेले असतील. परवा दादांचा फोन आला होता, किती जण म्हणून. मी अजून आकडा दिलेला नाही. आत्याचा गुडघा दुखतोय, ती येते म्हणते आणि डॉक्टर नको म्हणतात. तिचं ठरलं की कळवतो, असं सांगितलंय. दादा म्हणाले, "लवकर सांगा, डाळ भरायची आहे."