चेहऱ्याचा कच्चा माल

(तरुण कार्यकर्त्यांपुढील भाषणातून)



2019 साली 'कॉमिक रिलीफ' या ब्रिटिश संस्थेसाठी युगांडात गेलेल्या स्टेसी डूली या दूरचित्रवाणी-निवेदिकेने एका स्थानिक बालकाला कडेवर घेतलेले आपले छायाचित्र प्रसृत केले. मजूर पक्षाचे खासदार डेव्हिड लॅमी यांनी या 'गोऱ्या तारणहार' वृत्तीवर कठोर टीका केली. पुढे 2020 मध्ये नामवंतांना आफ्रिकेत चित्रणासाठी धाडण्याची प्रथा थांबविण्याचे संस्थेने जाहीर केले.

प्रश्न त्या बाईंच्या हेतूचा नाही, व्यवहाराचा आहे. युगांडाची कॉफी बहुतांशी कच्च्या दाण्यांच्या रूपानेच निर्यात होते. भाजणी, वेष्टन आणि नफा परदेशात. चेहऱ्याचेही तेच. माल तिथला, मूल्यवृद्धी दात्यांच्या देशात.

शिवाय छायाचित्र कारण दाखवीत नाही. 1973 च्या इथिओपियातील वोलो प्रांताच्या दुष्काळात देशाचे अन्नोत्पादन फारसे घटले नव्हते, लोकांची क्रयशक्ती आटली होती, हे अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये दाखवून दिले. रिकामे ताट कॅमेऱ्यात येते. बाजार येत नाही. हेच वर्गात शिकविताना मीही भुकेल्या मुलांची छायाचित्रे दाखवीत असे. त्यांतील एकाचेही नाव मला ठाऊक नव्हते, आणि त्याची खंतही तेव्हा वाटली नाही.

म्हणून परदेशी सेवेस जाणाऱ्यांनो, अनुमती अवश्य मागा. पण औषध तुमच्याच हातून मिळणार असेल, तर आईने दिलेला होकार हा होकार नव्हे, हे ओळखा. जिला नकार देता येत नाही, तिच्यासमोर कॅमेरा पिशवीतच राहू द्या.