त्याच्या व्हिसावर तिचे नाव

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर नगरला केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काहीजणींच्या मनात आले असेल, की व्हिसाशी आपले काय देणेघेणे? आपल्याकडे बायका येतात त्या पोटगीसाठी, रेशनकार्डासाठी, नवऱ्याच्या दारूपायी. परदेशाची गोष्ट पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या लोकांची. काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही असे ऐकवले जाई. पण आता लोणीला आणि विळद घाटात नर्सिंगची कॉलेजे आहेत, तालुक्या-तालुक्यात आयटीआय आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि त्यात नर्सपासून इलेक्ट्रिशियनपर्यंतची कामे आहेत. म्हणजे परदेशाचा रस्ता आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांतूनही जातो. या रस्त्याने जाणाऱ्या मुली आपल्याच आहेत. त्या अडचणीत आल्या की त्यांच्या आया आपल्याच दारात येणार आहेत.

मी आज सगळ्या देशांचे बोलणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या एका विशिष्ट व्हिसाचे बोलणार आहे, कारण तो ‘पी.आर. मिळणार’ या शब्दांत विकला जातो आणि प्रत्यक्षात तात्पुरता असतो. त्याची रचना समजली, की दुसऱ्या देशाचे कागदही कोणते प्रश्न विचारून वाचायचे ते कळेल.

नोव्हेंबर २०१९ पासून ऑस्ट्रेलियाने दोन व्हिसे सुरू केले. एक ४९१ क्रमांकाचा, दुसरा ४९४ क्रमांकाचा. दोन्ही कुशल कामगारांसाठी, दोन्ही पाच वर्षांचे, आणि दोन्हींत अट अशी, की राहायचे, काम करायचे आणि शिकायचे ते त्यांनी ठरवलेल्या ‘प्रादेशिक’ भागातच. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे सोडून बाकी सगळा देश त्यात येतो. पर्थ, ॲडलेडसारखी मोठी शहरे त्यात आहेत, तशीच शहरापासून शेकडो मैल दूर असलेली छोटी गावेही आहेत. सरकारचा हेतू उघड आहे. माणसे मोठ्या शहरांत गर्दी करतात, लहान गावांच्या दवाखान्यांत नि वृद्धाश्रमांत कामाला माणूस मिळत नाही. म्हणून बाहेरून आणायचे आणि काही वर्षे तिथेच बांधून ठेवायचे.

पात्र कोण? ४९१ साठी वय ४५ च्या आत हवे. तुमचा व्यवसाय त्यांच्या यादीत हवा आणि तुमच्या शिक्षणाची त्या व्यवसायाच्या अधिकृत संस्थेकडून तपासणी झालेली हवी. नर्सची तपासणी वेगळी संस्था करते, इंजिनिअरची वेगळी. माझ्यासारख्या एमएसडब्ल्यू झालेल्या बाईची पदवीसुद्धा तिकडची समाजकार्यकर्त्यांची संघटना तपासते, तेव्हाच ती पदवी ठरते. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. एखाद्या राज्याने तुमचे नाव सुचवावे लागते किंवा त्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाने तुम्हाला पुरस्कृत करावे लागते. आणि गुणांच्या तक्त्यात किमान ६५ गुण हवेत. पण ६५ गुण झाले म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही. त्यामुळे फक्त रांगेत उभे राहता येते. बोलावणे आले तरच अर्ज करायचा. ४९४ मध्ये गुणांचा तक्ता नाही, पण तिथला मालक तुम्हाला नेमायला तयार हवा आणि कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा.

नर्सिंगच्या मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगा. तिकडे नोंदणीकृत नर्स व्हायला पदवीच्या तोडीचे शिक्षण लागते. जीएनएमची पदविका घेतलेल्या मुलीला ‘गेलीस की लगेच नर्स’ असे कोणी सांगत असेल, तर त्याला आधी कागद दाखवायला सांगा.

आता गुणांचा तक्ता जरा बाईच्या नजरेने वाचू या. वयाचे सर्वांत जास्त गुण, म्हणजे ३०, मिळतात २५ ते ३२ या वयाला. गेल्या दहा वर्षांतल्या नोकरीच्या अनुभवाचे वेगळे गुण आहेत. आपल्या मुलींची ही वर्षे कशी जातात? लग्न, बाळंतपण, सासूचे आजारपण, बदलीच्या गावी नवऱ्यामागे जाणे. नियमात कुठेही ‘पुरुष’ असा शब्द नाही. पण सलग नोकरी कोणाची असते? म्हणून दोघेही सारखे शिकलेले असले तरी मुख्य अर्जदार बहुधा तो होतो आणि ती त्याच्या अर्जात ‘कुटुंबीय’ म्हणून जाते.

पुढे पाहा. जोडीदाराचेही गुण असतात. बायकोकडे यादीतले कौशल्य असेल, तिची तपासणी झाली असेल आणि इंग्रजी चांगले असेल, तर नवऱ्याला १० गुण. नुसते इंग्रजी चांगले असेल तर ५. आणि अविवाहिताला पुन्हा १०. म्हणजे साधी, इंग्रजी न येणारी बायको असणे हा तक्त्यात तोटाच. शिवाय तिला कामचलाऊ इंग्रजीही येत नसेल तर तिच्यासाठी जवळपास पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जादा भरावे लागतात. पंजाबात इंग्रजीची परीक्षा पास झालेल्या मुलींची लग्ने कशी सौद्यासारखी ठरतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. नियम बाजारात उतरले की ते असे उतरतात.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या मैत्रिणींना हा हिशेब नवा वाटणार नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेतो तो नवरा, फेडायला मात्र दोघे. फडात ती त्याच्या बरोबरीने राबते आणि हिशेबात तिचे वेगळे नाव नसते. मी दोन्हींची बरोबरी करत नाही. खोपटात बाळंत होणारी बाई आणि विमानाने जाणारी नर्स यांच्या आयुष्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण बाईचे श्रम आणि शिक्षण बेरजेत धरायचे आणि कागद पुरुषाच्या नावाने करायचा, ही रीत दोन्हीकडे दिसते.

आता तोटे. पहिला तोटा पैशाचा. ४९१ च्या मुख्य अर्जदाराची फी साडेचार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे. आपल्या पैशात ती अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. जोडीदाराची त्याच्या सुमारे निम्मी. परीक्षा, तपासणी, वैद्यकीय दाखले, विमान आणि एजंट हे सगळे वेगळे. हा पैसा कुठून येतो? जमीन गहाण पडते, माहेरचे सोने मोडते. पुष्कळदा तो हुंड्याचाच नवा हप्ता असतो, फक्त नाव ‘मुलीच्या भविष्यासाठी’ असे.

दुसरा तोटा बांधलेपणाचा. त्या भागाबाहेर राहायला किंवा नोकरीला जाता येत नाही, आणि ही अट बायकोलाही लागू असते. समजा, तिच्या शिक्षणाचे काम मेलबर्नला आहे. तिला ते घेता येत नाही. तीन वर्षे पूर्ण होण्याआधी दुसऱ्या बहुतेक कायम व्हिसांसाठी तिथून अर्जही करता येत नाही. तीन वर्षे अटी पाळल्या आणि तीन वर्षांच्या उत्पन्नाची करखात्याची पत्रे दाखवली, की १९१ क्रमांकाच्या कायम व्हिसासाठी अर्ज करता येतो. ४९४ वाल्यांच्या गळ्यात आणखी एक दोरी असते, ती मालकाची. नोकरी सुटली तर पूर्वी ९० दिवसांत दुसरा मालक शोधावा लागे. जुलै २०२४ पासून ही मुदत एका वेळी १८० दिवसांची झाली. सुधारणा चांगली आहे, पण नोकरी सोडताना व्हिसाची भीती वाटतेच. त्याच महिन्यापासून व्हिसाची भीती दाखवून कामगाराला राबवणे हा मालकाचा फौजदारी गुन्हाही ठरला आहे. किमान वेतनाचा कायदा व्हिसावाल्यांनाही लागू आहे. हे आपल्या मुलींना जाण्याआधी माहीत हवे.

तिसरा तोटा एकटेपणाचा. छोट्या गावात बस नाही, शेजारी लांब, मराठी बोलणारे कोणी नाही. गाडी चालवता येत नसेल तर किराणा, दवाखाना, नोकरी, सगळ्याला नवऱ्याची परवानगी नि त्याचा वेळ लागतो. त्याच्याकडे नोकरीचे मित्र असतात, तिच्याकडे फक्त भिंती. अशा घरात हात उगारला गेला तर ऐकणार कोण?

आणि मग ती धमकी येते. फोनवर रडत मुली हेच सांगतात: “तो म्हणतो, तुझा व्हिसा कॅन्सल करून टाकीन.” मैत्रिणींनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा आणि त्याचे उत्तरही पाठ करा. नवऱ्याला कोणाचाही व्हिसा रद्द करता येत नाही. तो अधिकार फक्त तिथल्या सरकारी खात्याचा. नाते तुटल्याचे त्याने कळवले तर तिच्या व्हिसाचा आधार प्रश्नात येऊ शकतो, हे खरे आहे, आणि आपण तिला खोटा धीर देऊ नये. पण निर्णय खाते घेते, आणि साधारणपणे आधी नोटीस देऊन म्हणणे मांडायची संधी देते. आता ती नोटीस जाते कुठे? अर्जात जो ईमेल लिहिला असेल तिथे. सगळ्या कुटुंबाचा अर्ज नवऱ्याच्या ईमेलवरून भरलेला असेल, तर नोटीस त्यालाच मिळते. पत्ता, फोन, ईमेल, पासपोर्ट किंवा मालक बदलला तर १४ दिवसांत खात्याला कळवणे ही या व्हिसाची अटच आहे. तेव्हा तिने वेगळे राहायला सुरुवात करताच स्वतःचा पत्ता आणि ईमेल कळवायचा. अट पाळली जाते आणि पत्रही तिच्याच हातात पडते.

वेगवेगळ्या देशांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. अमेरिकेत एच-वन-बी वर गेलेल्या पुरुषांच्या बायकांना कितीतरी वर्षे नोकरीच करता येत नव्हती. २०१५ मध्ये त्यांतल्या काहीजणींना ती मुभा मिळाली. जर्मनीत तीन वर्षे संसार झाला की बायकोला स्वतंत्र राहण्याचा हक्क मागता येतो, आणि हिंसाचार असेल तर तीन वर्षांची अट शिथिल होऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१८ मध्ये कायदा दुरुस्त करून हुंड्यासाठीचा छळ हे कौटुंबिक हिंसेचे उदाहरण म्हणून स्पष्ट नोंदवले. यासाठी तिथल्या आपल्या देशाच्या बायकाच बोलल्या, झगडल्या. कायदा आपोआप बदलला नाही.

मग आपण काय करायचे? जाऊ नका असे मी म्हणणार नाही. घराबाहेर पडण्याची, स्वतःच्या कमाईची ओढ मुलींना असते आणि ती रास्त आहे. कित्येकींनी परदेशात स्वतःचे पाय रोवले आहेत. ४९१ वर गेलेल्या बायकोला नोकरी करता येते, तिथली सरकारी आरोग्य योजना मेडिकेअर मिळते. आपले काम एवढेच, की तिने कागद वाचून जावे.

लग्न ठरतानाच विचारा: मुख्य अर्जदार कोण? दोघांचेही गुण मोजून पाहिले का? तिचे जास्त होत असतील तर तिच्या नावाने अर्ज का नको? लग्नाची नोंदणी झालीच पाहिजे. मूळ गुणपत्रके, पासपोर्ट, व्हिसा मंजुरीच्या पत्राची प्रत तिच्या स्वतःच्या ताब्यात हवी, आणि एकेक प्रत माहेरी. ईमेल तिचा स्वतःचा, आणि त्याचा पासवर्ड तिलाच ठाऊक. तिकडे गेल्यावर बँकेचे खाते तिच्या नावाचे. कमाई रोखीत न घेता खात्यावर घ्यायची, कराची कागदपत्रे जपायची. पुढच्या कायम व्हिसाला हीच कागदे लागतात. निघण्याआधी गाडी चालवायला शिकायचे.

एजंटाबद्दल एक सांगते. परदेशात नोकरी लावून देणाऱ्याची १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली नोंदणी लागते, आणि त्याला ३० हजार रुपये नि त्यावरचा कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. व्हिसाचा सल्ला देणाऱ्याचे नाव ऑस्ट्रेलियातल्या नोंदणीकृत एजंटांच्या यादीत आहे का ते पाहा. ‘हमखास पी.आर.’ असे लिहून देणारा खोटे बोलतो, कारण तो शब्द देणे त्याच्या हातात नाही.

आणि हे क्रमांक मुलीच्या हाताने वहीत लिहून घ्या. ऑस्ट्रेलियात तातडीची मदत ०००. हिंसाचाराबद्दल बोलायला १८०० ७३७ ७३२. दुभाषी हवा असेल तर १३१ ४५०. इकडे राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांच्या तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे, आणि आपली १८१ आहेच.

पुढच्या महिन्यात तुमच्या गावच्या नर्सिंग कॉलेजात, आयटीआयत एक तास मागून घ्या. प्राचार्य नाही म्हणणार नाहीत. मुलींसमोर हा गुणांचा तक्ता फळ्यावर लिहा आणि त्यांनाच बेरीज करू द्या. आपली पदवी कोणाच्या बेरजेत चालली आहे, ते त्यांचे त्यांनाच दिसेल.