मिरजेत आपलं स्वागत



सर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशनचं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून मिरज हे डॉक्टरांचं गाव. ते तुम्ही डॉक्टर मंडळी जाणताच. मला बोलायचंय फरीदसाहेबांबद्दल, कारण त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तसा त्यांचा हात सतार-तंबोऱ्यांकडे वळला, आणि मिरजेचा तंबोरा देशभरच्या मैफलींत पोचला. आजही कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा कानस. याला जवारी काढणं म्हणतात. सवड काढून बघाच. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. उशिरा, पण मिळालं. गायक अब्दुल करीम खाँसाहेबही इथल्याच दर्ग्यात विसावले आहेत.

याचा झोपेवरच्या या परिषदेशी संबंध काय, असं कार्यवाह डोळ्यांनी विचारताहेत. आहे, ओढूनताणून का होईना. आमच्याकडे रागांना प्रहर असतात: तोडी सकाळी, मारवा दिवस मावळताना, मालकंस मध्यरात्री. तुमच्या अतिदक्षता विभागात मात्र प्रहरच नाहीत. रात्रभर दिवे, यंत्रांचे भोंगे, पहाटे रक्त काढायला सुई. अंधार पडल्यावर स्रवणाऱ्या मेलाटोनिनचं वेळापत्रक कोलमडतं. ऑपरेशन झालेले आजोबा सलाइन उपसतात, पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. काही जण नुसते गप्प पडून राहतात. त्यांचं डेलिरियम, म्हणजे भ्रम, तर नजरेतूनच सुटतं, असं आमच्या भूलतज्ज्ञांनी मला समजावलं. झोपमोडीनं भ्रम होतो की भ्रमानं झोप मोडते, याचा निवाडा तुम्ही करा. पण रात्री दिवे मंद करायला आणि आजोबांचा चष्मा त्यांना परत द्यायला निवाडा कशाला हवा?

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्या पदरात घ्या. झोपेवर बोलायला आलेले पाहुणे आम्ही स्टेशनलगतच्या लॉजांत उतरवले, आणि मिरज जंक्शन रात्री झोपत नाही. कालची वरात आमच्या हातात नव्हती. गरम पाणी दुसऱ्या मजल्यावर पोचलं नाही, त्याबद्दल क्षमस्व. हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी, औषधविक्रेते, मंडपवाले, नरसोबाच्या वाडीहून बासुंदी पाठवणारे, सगळ्यांचे आभार. नावं घेत नाही; एखादं राहून जाईल, आणि मला याच गावात राहायचंय.

बासुंदी भरपूर आहे. दुपारच्या सत्रात कुणाला डुलकी लागली तर स्वागत समितीची हरकत नाही. अध्यक्षांना विनंती, परिषद सुरू करावी.